जोर किती? स्त्रियांच्या सैनिकी कसोटीची कहाणी

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या बहुतेक गाड्यांस कसाऱ्याला मागून जादा एंजिनें जोडावीं लागतात; तेव्हां कोठें त्या थळघाट चढून इगतपुरीस पोहोंचतात. या घाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. १८६५ सालीं हा लोहमार्ग खुला झाला, तेव्हांपासून नाना प्रकारचीं एंजिनें त्यावर आलीं. वाफेचीं गेलीं, विजेचीं आलीं. परंतु चढ होता तोच राहिला. गाडी डाकेची असो कीं मालाची, तिच्यासाठीं घाट सौम्य होत नाहीं. एंजिन कोणतें जोडावें, एक जोडावें कीं तीन, हें मात्र मनुष्याच्या हातीं असतें.

सैन्यांत जाऊं इच्छिणाऱ्या स्त्रीनें किती जोर काढावेत, हा गेल्या पन्नास वर्षांत जगभर वादाचा होऊन बसलेला प्रश्न समजून घेण्यास हा घाट बराच उपयोगीं पडतो. कारण या वादांत चढ कोणता आणि एंजिन कोणतें, याचाच घोटाळा वारंवार झालेला आहे.

हा प्रश्न इगतपुरीच्या परिसरास परका नाहीं. त्याच लोहमार्गावर पुढें देवळाली लागते. तेथें भारतीय तोफखान्याचें शिक्षणकेंद्र आहे. आणि त्या तोफखान्यांत २०२३ च्या एप्रिल महिन्यांत पहिल्या पांच स्त्री-अधिकारी दाखल झाल्या. त्याच वर्षीं नाशिक येथें, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठीं मुलींची तयारी करून घेणारी सरकारी संस्था सुरू झाली. याच जिल्ह्यांतल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० सालीं आशियाई सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतींत रौप्यपदक घेऊन आली, तेव्हां डोंगराळ पाड्यांतल्या मुलींच्या पायांत काय बळ आहे, हें साऱ्या देशानें पाहिलें.

इगतपुरी तालुका हा भाताचा आणि धो-धो पावसाचा मुलूख. आषाढांत आवणी सुरू झाली म्हणजे येथील स्त्रिया दिवस दिवस चिखलांत वांकून रोपें लावतात. आणि उन्हाळ्यांत, धरणें उशाशीं असतांहि, कित्येक पाड्यांतल्या स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन चढउतार करावी लागते. त्यांच्या अंगांत बळ नाहीं, असें कोण म्हणेल? परंतु यांतल्याच एखाद्या घरच्या मुलीस भरतीच्या मैदानावर तळवे जमिनीस टेकून जोर काढावयास सांगितलें, तर पहिल्या दिवशीं एकहि धड न निघण्याचाच संभव अधिक. याचा अर्थ ती दुबळी आहे असा करावयाचा, कीं तिच्या बळास लावलेलें माप निराळें आहे असा करावयाचा? साऱ्या वादाचें मूळ या एका प्रश्नांत आहे.

आपल्याकडे ‘जोर’ हा शब्द मुळांत बळाचाच वाचक. तालमींतल्या मातींत हातपाय टेकून छाती जमिनीलगत न्यावयाची व पुन्हां वर काढावयाची, या व्यायामास तें नांव मिळालें. पायांच्या व्यायामास ‘बैठका’ म्हणूं लागले. पहाटे मारुतीस नमस्कार करून शेंकड्यांनीं जोर काढणारा पहिलवान हें महाराष्ट्रांतल्या गांवोगांवचें ओळखीचें चित्र होतें. त्या चित्रांत स्त्रीला सहसा जागा नव्हती. अपवाद होते, पण ते अपवाद म्हणूनच लक्षांत राहिले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमींत झांशीस जाऊन पोहोंचले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतांत राणी लक्ष्मीबाईंच्या व्यायामाची व घोड्यावरील रपेटीची हकीकत आली आहे.

पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हातीं घेतला, तेव्हां त्यांनीं स्त्रियांस वगळलें नाहीं. राजवाड्यांत राणीसाहेब नमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांबरोबर मुलीहि घालीत. १९३८ सालीं या पद्धतीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालें. नमस्कारांत साष्टांगाच्या आधीं व नंतर शरीराचा बराच भार हातांवर पेलावा लागतो. म्हणजे तें जोरांचेंच सौम्य भावंड म्हणावयास हरकत नाहीं.

या परंपरेंतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेथें संख्या मोजली जाई. पण ती स्वतःच्या कालच्या संख्येशीं ताडून पाहण्यासाठीं. इतके जोर काढलेस तरच आंत ये, असें तालमीच्या दारांत उभा राहून वस्ताद म्हणत नसे. आंत आलेल्या पोराकडून तो हळूहळू जोर काढवून घेई. संख्या ही प्रगतीची खूण होती. ती प्रवेशाचें तिकीट झाली ती आधुनिक सैन्याच्या भरतीमुळें.

तथापि स्त्रिया प्रथम गणवेशांत आल्या, तेव्हां जोरांच्या संख्येस फारसें महत्त्व नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, हिंदुस्थानांत ‘विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर’ हें दल उभें राहिलें. त्यांतील स्त्रियांनीं कचेऱ्या, टेलिफोन, भांडारें अशीं कामें संभाळलीं. १९४३ च्या ऑक्टोबरांत सिंगापूर येथें आझाद हिंद फौजेच्या झांशीची राणी पलटणीची छावणी उघडली. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन् यांच्या हाताखालीं तेथें मुली कवाईत व बंदूक शिकल्या. मलायांतल्या रबराच्या मळ्यांत खपणाऱ्या कुटुंबांतल्या कित्येक मुली त्यांत होत्या. १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत रंगून सोडावें लागलें, तेव्हां या पलटणींतल्या मुलींच्या एका तुकडीनें नेताजींबरोबर, विमानांच्या भीतीनें रात्रीच्या रात्री पायपीट करीत, बँकॉक गांठलें. त्या वाटेवर त्यांची जी परीक्षा झाली, ती कोणत्याहि कोष्टकांत बसणारी नव्हती.

कोष्टकें आलीं तीं शांततेच्या काळांत. १९७६ सालीं अमेरिकेच्या सैनिकी विद्यालयांचीं दारें मुलींना उघडलीं. १९८० सालीं तेथील भूसेनेनें तीन भागांची परीक्षा ठरविली: दोन मिनिटें जोर, दोन मिनिटें पाठीवर पडून उठणें, आणि दोन मैल धांव. पुढें स्थिरावलेल्या कोष्टकाप्रमाणें १७ ते २१ वर्षांच्या पुरुषास उत्तीर्ण होण्यास किमान ४२ जोर काढावे लागत; त्याच वयाच्या स्त्रीस १९. पूर्ण गुणांसाठीं पुरुषास ७१ जोर लागत, स्त्रीस ४२. म्हणजे ज्या संख्येवर पुरुष जेमतेम तरे, त्याच संख्येवर स्त्रीस पैकीच्या पैकी गुण मिळत! कॅनडाच्या जुन्या परीक्षेंत पस्तीस वर्षांखालील पुरुषास १९ व स्त्रीस ९ जोर पुरत. ब्रिटिश भूसेनेंत तीस वर्षांखालील पुरुषास दोन मिनिटांत ४४, तर स्त्रीस २१ जोर काढावे लागत. तीन देश, तीन कोष्टकें. परंतु स्त्रीचा आंकडा पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास, हें प्रमाण तिन्ही ठिकाणीं सारखें.

हें प्रमाण कोणी दयाबुद्धीनें ठरविलेलें नव्हतें. त्याला शरीरशास्त्राचा आधार होता. वयांत येतांना मुलग्याच्या शरीरांत जे फेरफार होतात, त्यांमुळें त्याचे खांदे, छाती व दंड यांतले स्नायु विशेष वाढतात. सरासरीनें पाहतां कंबरेखालच्या बळांत स्त्री पुरुषाच्या बरीच जवळ येते; कंबरेवरच्या बळांत मात्र ती त्याच्या निम्म्याहून थोडी वर राहते. आणि जोर हा व्यायाम नेमका याच जागीं बोट ठेवतो. सरळ पायांनीं जोर काढतांना शरीराच्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकून काढले, तर तो निम्म्याच्या आसपास येतो. म्हणूनच अनेक देशांतल्या शाळांत मुलींना गुडघे टेकून जोर काढावयास शिकवीत. त्या शिकवणीचा एक दुष्परिणामहि झाला. सरळ जोर हा आपला व्यायाम नव्हेच, अशी मुलींची समजूत होऊन बसली. आणि जें कधीं केलेंच नाहीं, तें पुढें भरतीच्या दिवशीं एकाएकीं कसें जमावें? आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?

निम्म्या आंकड्यांच्या या कोष्टकांवर दोन बाजूंनीं हल्ला झाला. एका बाजूचें म्हणणें असें: शत्रूची गोळी स्त्री-पुरुष पाहत नाहीं, जखमी सोबत्यास उचलून आणावयाचें झाल्यास त्याचें वजन स्त्रीसाठीं हलकें होत नाहीं, मग परीक्षेंत सवलत कशाला? दुसऱ्या बाजूचें म्हणणें असें: जोर काढणें हें सैनिकाचें काम आहे, असें ठरविलें कोणीं? रणांगणावर कोणी जोर काढीत नाहीं. मग त्याच्या संख्येवरून स्त्रीस नालायक ठरविण्याचा अधिकार कोणास? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें. तरीहि बरींच वर्षें हे दोन पक्ष एकमेकांस उत्तर न देतां नुसते एकमेकांवर ओरडत राहिले. कारण परीक्षा दोन प्रकारच्या असतात, आणि आपण कोणत्या परीक्षेविषयीं बोलत आहों, हें कोणी स्पष्ट करीत नव्हतें.

पहिली परीक्षा प्रकृतीची. हा मनुष्य निरोगी आहे काय, नियमानें व्यायाम करतो काय, त्याच्या वयाच्या व घडणीच्या माणसाकडून जेवढी अपेक्षा करावी तेवढा तो तयार आहे काय, हें ती पाहते. या परीक्षेंत वय व लिंग पाहून आंकडा बदलणें हा अन्याय नव्हे. तसें न करणें हाच अन्याय. पंचवीस वर्षांच्या आणि पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषांस एकच आंकडा कोणी लावीत नाहीं, आणि त्यास कोणी सवलत म्हणत नाहीं. दुसरी परीक्षा कामाची. अमुक वजन अमुक उंचीवर चढवावयाचें आहे. तें चढतें कीं नाहीं, एवढेंच ती पाहते. येथें वय, लिंग, वंश यांचा प्रश्नच नाहीं. पहिली परीक्षा एंजिनाची आहे, दुसरी घाटाची. एंजिनाचें कोष्टक घाटावर टांगलें, किंवा घाटाचा आंकडा एंजिन तपासण्यास वापरला, म्हणजे दोन्हीकडे अनर्थ होतो.

हा भेद न्यायाच्या तागडींत प्रथम स्पष्टपणें तोलला गेला तो कॅनडांत, आणि तोहि सैनिकाच्या नव्हे तर वणवा विझविणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यांत. टॉनी मियोरिन ही ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत जंगलांतले वणवे विझविणाऱ्या तुकडींत नोकरीस होती. तिचें काम समाधानकारक होतें, याविषयीं वाद नव्हता. पुढें सरकारनें नवी शारीरिक परीक्षा लागू केली. तींत अडीच किलोमीटरचें अंतर अकरा मिनिटांत धांवावयाचें होतें. चार वेळां प्रयत्न करूनहि मियोरिनला तें साधलें नाहीं. तिची सर्वांत चांगली वेळ ११ मिनिटें ४९.४ सेकंद भरली. पन्नास सेकंदांहूनहि कमी अशा या फरकापायीं तिची नोकरी गेली. १९९९ च्या सप्टेंबरांत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, हा आंकडा गांठल्यावांचून वणवा सुरक्षितपणें विझवितां येत नाहीं, हें सरकारला सिद्ध करतां आलेलें नाहीं. सबब तिला पुन्हां नोकरीवर घ्यावें. परीक्षा नसावी, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. परीक्षेचा आंकडा कामांतून निघालेला असला पाहिजे, एवढेंच म्हटलें.

या निकालाची दिशा पुढें त्याच देशाच्या सैन्यानें कृतींत उतरविली. २०१३ सालापासून कॅनडानें जोरांचीं जुनीं कोष्टकें बाजूस सारून नवी परीक्षा आणली. तींत वीस किलोंची वाळूची पिशवी तीस वेळां एक मीटर उंचीवर चढवावयाची, तीहि साडेतीन मिनिटांत. मध्येंच जमिनीवर झोपत व उठत वीस-वीस मीटर धांवावयाचें. ओझें घेऊन येरझाऱ्या घालावयाच्या. आणि पिशव्या फरफटत ओढावयाच्या. स्त्री असो, पुरुष असो, तरुण असो कीं प्रौढ, किमान आंकडा सर्वांस एक. ब्रिटननेंहि २०१९ पासून प्रत्यक्ष लढणाऱ्या दलांसाठीं कामावर आधारलेल्या, स्त्री-पुरुष भेद नसलेल्या कसोट्या सुरू केल्या.

अमेरिकेची वाट मात्र वांकडीतिकडी गेली. तेथील मरीन दलानें स्त्रियांसाठींहि पुरुषांप्रमाणें किमान तीन पुलअप, म्हणजे दांड्यास लोंबकळून हनुवटी वर नेणें, आवश्यक करण्याचें योजिलें. परंतु २०१३ सालीं शिक्षण संपवून निघणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलींना तीं तीन जमेनात, असें आढळून आल्यावर तो बेत पुढें ढकलावा लागला. भूसेनेनें सर्वांस एकच आंकडा असलेली सहा भागांची परीक्षा तयार केली. चांचणींत स्त्रिया फार मोठ्या संख्येनें नापास होऊं लागल्या, तेव्हां २०२२ मध्यें ती परीक्षा पुन्हां वय व लिंग यांच्या कोष्टकांसह लागू केली. आणि २०२५ च्या जूनपासून प्रत्यक्ष लढाईच्या एकवीस पेशांपुरता स्त्री-पुरुषांस एकच आंकडा ठेवून इतरांस जुनी रीत चालू ठेविली. एवढ्या फेऱ्या घातल्यावर अमेरिका ज्या ठिकाणीं पोहोंचली, तें ठिकाण या दोन परीक्षांच्या भेदापासून फार दूर नाहीं. तरीहि त्या एकच आंकड्याच्या परीक्षेंत हातांवरचे जोर आहेतच. ते कोणत्या कामाचे प्रतिनिधि आहेत, हा प्रश्न तिला अजून विचारतां येतो.

येथें एंजिनाची गोष्ट विसरतां कामा नये. अमेरिकन भूसेनेच्या नेटिक येथील संशोधनसंस्थेनें १९९५ च्या सुमारास सामान्य स्त्रियांच्या एका गटास चोवीस आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस, वजनें उचलण्याचें, ओझें घेऊन चालण्याचें व धांवण्याचें शिक्षण दिलें. आरंभीं त्यांपैकीं सुमारें एक-चतुर्थांश स्त्रिया सैन्यांतील अतिजड कामांस पात्र ठरल्या होत्या. शेवटीं तीन-चतुर्थांशाहून अधिक पात्र ठरल्या. सहा महिन्यांच्या पद्धतशीर मेहनतीनें एवढा पालट होतो. मग अठराव्या वर्षापर्यंत ज्या मुलीच्या हातांस कोणी मेहनतच दिली नाहीं, तिच्या पहिल्या दिवसाच्या आंकड्यावरून तिच्या जातीची शक्ति ठरविणें कितपत शहाणपणाचें?

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय भूसेनेंत वैद्यकीय व परिचारिका शाखांखेरीज इतर शाखांत स्त्री-अधिकारी घेण्यास १९९२ सालीं सुरुवात झाली. शिपाईपदावर स्त्रिया आल्या त्या मिलिटरी पोलिसांत. २०१९ मध्यें भरती झाली, आणि ८३ मुलींची पहिली तुकडी २०२१ च्या मे महिन्यांत बंगलोरच्या केंद्रांतून बाहेर पडली. या भरतीच्या मैदानावरील कसोटी पाहण्याजोगी आहे. मुलींना १.६ किलोमीटर अंतर साडेसात मिनिटांत, निदान आठ मिनिटांत, धांवावयाचें. दहा फूट लांब उडी मारावयाची. तीन फूट उंच उडी मारावयाची. त्याच काळीं मुलग्यांच्या कसोटींत धांव, नऊ फुटांचा चर, तोल संभाळून चालणें यांबरोबर पुलअप होते, आणि दहा पुलअप काढणारास चाळीस गुण मिळत. मुलींच्या कसोटींत हातांच्या बळाची परीक्षाच नव्हती. जोर नाहींत, पुलअप नाहींत, कांहीं नाहीं.

वरवर पाहतां ही उदारता वाटेल. वस्तुतः तीत सर्वांत मोठी उपेक्षा आहे. एकोणीसचा आंकडा कमी असेल. पण तो निदान मुलीस एकोणीसपर्यंत चढण्यास सांगतो. शून्याचा आंकडा तिला कांहींच सांगत नाहीं. जें परीक्षेंत नाहीं, तें शाळेंत शिकविलें जात नाहीं, आणि घरींहि त्याचा आग्रह धरला जात नाहीं. मुलगा आठवींत असल्यापासून पारावरच्या वडाच्या फांदीस लोंबकळत असतो. मुलगी मात्र धांवण्याचा सराव करून थांबते. मग नोकरींत शिरल्यावर हातांचें बळ लागणारें काम पुढें आलें, म्हणजे लोक म्हणावयास मोकळे कीं, पाहा, बायकांना हें जमत नाहीं!

महाराष्ट्र पोलिसांच्या भरतींतहि असाच एक मासला सांपडतो. तेथें पुरुषास १६०० मीटर व स्त्रीस ८०० मीटर धांवावें लागतें. गोळाफेकींत पुरुषाचा गोळा ७.२६० किलोंचा, तर स्त्रीचा चार किलोंचा. हीं वजनें आलीं कोठून? तीं मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतून आलीं; सोळा पौंडांचा गोळा म्हणजेच ७.२६० किलो. चोर पकडणें, जमाव मागें सारणें, जखमीस गाडींत घालणें, या पोलिसाच्या कामांशीं सोळा पौंडांच्या गोळ्याचें नातें काय, हा प्रश्न पुरुषाच्या बाबतींतहि विचारण्याजोगा आहे. स्त्रियांच्या आंकड्यांविषयीं वाद घालतांना पुरुषांचे आंकडे जणूं वेदांतून आले आहेत, असें आपण धरून चालतों. तेंच मुळीं तपासून पाहिलें पाहिजे.

सर्वांस एकच माप लावलें म्हणजे न्याय झाला, ही समजूतहि किती फसवी आहे, हें आपल्याच सर्वोच्च न्यायालयापुढें दिसून आलें. १७ फेब्रुवारी २०२० रोजीं न्यायालयानें स्त्री-अधिकाऱ्यांस भूसेनेंत कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. त्यानंतर ज्या जुन्या स्त्री-अधिकाऱ्यांची छाननी झाली, त्यांपैकीं कित्येकींचें वय चाळीस-पन्नासच्या घरांत पोहोंचलें होतें. त्यांना पुरुषांचीच वैद्यकीय अट लावली गेली. वरवर पाहतां पूर्ण समानता! परंतु पुरुष ती अट नोकरीच्या पांचव्या किंवा दहाव्या वर्षीं, ऐन तारुण्यांत, पुरी करीत. स्त्रियांना त्या वयांत कायम नेमणूक मागण्याचीच मुभा नव्हती. २५ मार्च २०२१ रोजीं न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलेल्या निकालपत्रांत या प्रकारास अप्रत्यक्ष भेदभाव असें म्हटलें. अट एक, पण ती लावण्याची वेळ निराळी; म्हणून अन्याय. आपल्याकडे ज्याला ‘सब घोडे बारा टक्के’ म्हणतात, त्याचेंच हें कायद्याच्या भाषेंतलें रूप.

त्याच वर्षीं, १८ ऑगस्ट २०२१ रोजीं, न्यायालयाच्या अंतरिम हुकुमानें राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ सालीं खडकवासल्यास १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांतल्या १७ जणी पुरुष छात्रांबरोबर संचलन करीत बाहेर पडल्या. सिंहगडाच्या पायथ्याशीं घडलेली ही गोष्ट पाहून पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत, आणि नाशिक जिल्ह्यांतल्या लहान गांवांतहि, मुलीनें बारावीनंतर काय करावें याचा विचार नव्यानें सुरू झाला असेल.

अशा घरांतल्या आईबापांनीं काय समजून घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, कमी आंकडा हा मुलीचा अपमान नव्हे, आणि तिच्यावर उपकारहि नव्हे. प्रकृतीच्या परीक्षेंत तो तिच्या शरीराचें रास्त माप आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, जेथें खरें काम आहे तेथें सवलत मागूं नये, आणि देऊंहि नये. देवळालीस ज्या जातीच्या तोफांवर शिक्षण दिलें जातें, त्यांतल्या १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा चाळीस किलोंहून अधिक वजनाचा असतो. तो उचलण्याचें काम ज्याच्याकडे असेल, त्यास तो उचलतां आलाच पाहिजे. मग तो पुरुष असो वा स्त्री. परंतु तोफखान्यांतील प्रत्येकाचें काम गोळा उचलण्याचें नसतें. मारा कोठें करावयाचा, अंतर किती, वारा कसा, हें ठरविणाऱ्यानें किती जोर काढले, हें गोळ्यास ठाऊक नसतें.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे; तिला न्यायालयाचा निकाल नको, कीं सरकारी हुकूम नको. मुलीच्या हातांस लहानपणापासून मेहनत दिली पाहिजे. आठवी-नववींतल्या मुलीनें प्रथम भिंतीस हात टेकून, मग पायरीवर हात टेकून, मग जमिनीवर, असे चढत्या क्रमानें जोर काढावेत. महिन्या-दोन महिन्यांत पहिला सरळ जोर निघतो. आणि पहिला निघाला म्हणजे दहाव्याची वाट मोकळी होते. जुन्या तालमींतल्या वस्तादास हें शहाणपण ठाऊक होतें. पोरगा आज किती काढतो, हें पाहून तो त्याला परत पाठवीत नसे. सहा महिन्यांनीं किती काढील, हें पाहून ठेवून घेई.

आंकड्यांचा वाद पुढेंहि चालेल. सैन्यें परीक्षा बदलतील, कोष्टकें पुन्हां लिहिलीं जातील. त्यांतला प्रत्येक नवा आंकडा समोर आला, म्हणजे त्यास एकच प्रश्न विचारावा: हा आंकडा कामांतून निघाला, शरीराच्या अभ्यासांतून निघाला, कीं नुसत्या संवयींतून निघाला? कामांतून निघाला असेल, तर तो सर्वांनीं निमूटपणें गांठावा. अभ्यासांतून निघाला असेल, तर ज्याच्या त्याच्या घडणीप्रमाणें लावावा. आणि नुसत्या संवयींतून निघाला असेल, तर मग तो कितीहि जुना असो, कोणा मुलीची वाट अडविण्याचा अधिकार त्यास नाहीं.